एकतीस जून

वही अगदी चोख होती.
दौलतगंज, टाकी क्रमांक दोन, व्हॉल्व्ह उघडला पाच दहा,
बंद केला पाच पन्नास, सही रा. कुशवाह.
पान उलटलं, पुन्हा तेच. शाई एक, हाताचा कल एक,
जणू वर्षभर एकच पहाट उजाडत होती लश्करात.

मी अंतर्गत लेखापरीक्षा, खोली नऊ.
बेरीज जुळली की माझा चहा गोड लागतो.
निवृत्तीला चौदा महिने.
आणि गेल्या सालच्या त्या पानावर, तीस तारखेच्या खाली,
एक ओळ जास्तीची:
एकतीस जून. पाच दहा. पाच पन्नास.

आधी हसलो.
पंचांगात नसलेल्या दिवशी
तिघऱ्याचं पाणी गल्लीत आलं,
कनिष्ठ अभियंत्यानं ते पाहिलं, सहायकानं तपासलं,
पंपाच्या विजेसकट बिल निघालं.

रामसेवकला बोलावलं. तो चावी घेऊनच आला,
खांद्याला लागेल एवढी लोखंडी,
दाराशी टेकवली.
"साहब, रजिस्टर तो पहली तारीख को भरवा लेते हैं.
पानी जब आता है, तब आता है."
कधी येतं?
"वो खानवलकर बाई से पूछिए."

कमलिनी खानवलकरांच्या स्वयंपाकघरात
दुधाच्या हिशेबाच्या कॅलेंडरांची चळत, खिळ्याला टांगलेली.
रेघ म्हणजे नळ आले, फुली म्हणजे नुसती हवा.
त्या जूनमध्ये अकरा फुल्या.
एका चौकोनात बारीक अक्षरात, 'रात्री अडीच. जागी होते म्हणून.'
तीस तारखेनंतर कागद संपतो, भिंत लागते.
बाईंनी तक्रार अशी केलीच नाही.
म्हणाल्या, निगममधून आलात ना, मग चहा घ्या,
पण अर्धाच. आज फुली आहे.

परत येऊन पान उघडलं.
एकतीस जूनच्या बाजूला, समासात,
बरोबरची छोटी खूण. हिरवी.
हिरवी शाई आमच्याच खोलीला मिळते,
आणि खुणेची शेपटी अशी वर वळवणारा
खोली नऊमध्ये मी एकटाच.

आक्षेप-पत्र घेतलं. परिच्छेद एक.
जबाबदार कर्मचारी: इथे रामसेवक लिहिणं सोपं होतं,
वसुलीही सोपी, त्याच्या पगारातून.
'रा' लिहून झाला होता.
खोडला. माझं नाव लिहिलं, हुद्द्यासकट.
अनुपालनाचा रकाना अजून कोरा आहे.

घड्याळात पाच दहा, संध्याकाळचे.
रामसेवकला वर नेलंय, स्पष्टीकरण लिहून द्यायला.
त्याची चावी इथेच, दाराशी.
उचलून पाहिली. वाटली त्याहून जड.
एकतीस वर्षं टाकी क्रमांक दोनच्या बेरजा तपासतोय,
आणि विचारत विचारतच जावं लागेल,
व्हॉल्व्ह आहे तरी कुठे.