पाटीवरची हवा

आमच्या काल्बुकोत आग विझवणाऱ्याला पगार नाही.
एलिएसेर बारिया पाव भाजतो, ओयार्सून दात काढतो,
मी शाळेत हिशेब लिहिते
आणि भोंगा झाला की तिथेही हिशेबच लिहिते:
कोण आत गेलं, किती वाजता,
पाठीवर किती हवा घेऊन.

त्या रात्री सामन मासे गोठवायच्या कारखान्यात
अमोनियाचा पाइप फुटला.
बारियाने गाडी सरळ रस्त्याने नेली नाही.
खिडकीतून हात बाहेर काढून वारा पाहिला,
मग दफनभूमीवरून, चढणीने, लांबचा वळसा घेतला
वारा पाठीशी येईपर्यंत.
जवळची वाट त्या रात्री वैऱ्याची होती.

वरच्या अंगाला थांबलो. खांबाला रिबन बांधली.
खाली दिव्यांच्या उजेडात
पांढरं काहीतरी जमिनीलगत सरपटत होतं.
धुकं नव्हे.
धुकं आम्ही रोज पितो, ते डोळ्यांना चावत नाही.

पोशाख चढवायला आठ मिनिटं लागतात.
चेन, पट्ट्या, हातमोज्यावर हातमोजा,
मास्कच्या कडेने बोट फिरवून पाहायचं
दाढीचा एखादा खुंट तर आड येत नाही ना.
आठ मिनिटं म्हणजे किती
ते दोरीपलीकडच्या आईला विचारा.
"नायादेत आत आहे माझी!
उभे काय राहिलात, पाय मोडले का तुमचे?"
दोन्या एर्मिनिया. तिच्याकडून मी शिंपले घेते, उधारीवर.
मी तिच्याकडे पाहिलं नाही. घड्याळाकडे पाहिलं.

पहारेकरी कार्कामोचे पाय मोडले नव्हते.
आम्ही पोचायच्या आधीच तो तोंडाला रुमाल लावून
झडप बंद करायला आत धावला होता.
म्हणून आता शोधायचे दोघे होते.

माणूस आतून ओला असतो:
डोळे, घसा, फुप्फुसं.
आणि अमोनिया पाणी शोधत हिंडतो.
एवढंच रसायनशास्त्र मला येतं, पण ते पुरतं.

दोघं आत जाणार, तर दोघं तयार होऊन दाराशी हवेत.
चौथ्याची चेन अडकली होती.
ती लागेपर्यंत दार म्हणजे भिंत.
खालच्या अंगाला ओयार्सूनने पाण्याचा पडदा धरला,
बारीक, धुरासारखा,
पण सांडलेल्या डबक्यावर थेंबही पडू दिला नाही;
पाणी लागलं की ते उकळून उठतं.

बारिया, तीनशे. बावीस चौदा.
मियालोंको, दोनशे नव्वद. बावीस चौदा.
मग माझ्या कानात नुसते श्वास,
दोघांचे, कुणीतरी लाकूड कापत असावं तसे.

नवव्या मिनिटाला: सापडली.
कपडे बदलायच्या खोलीत,
दाराच्या फटीत ओले एप्रन कोंबून बसलेली.
शहाणी पोर.
"कार्कामोही दिसतोय," बारिया म्हणाला, "झडपेपाशी. वीस पावलं."
मी पाटीवरचा आकडा वाचला. एकशे चाळीस.
त्यातली निम्मी परतीची, निम्म्याची निम्मी धुण्याची.
वीस पावलं कशातच बसत नव्हती.
"परत," मी म्हणाले.
माझा आवाज शाळेत फी मागताना असतो तसा होता.

कार्कामोला दुसऱ्या जोडीने आणलं.
त्याच्याबद्दल मी इथे लिहिणार नाही.

नायादेत बाहेर आली तेव्हा आईने हात पसरले,
आणि तिला धरून ठेवावं लागलं, दोघांनी.
आईच्या आधी पाणी.
कपडे कापून टाकले, डोळे धुतले, पुन्हा धुतले.
शेजारच्या फवाऱ्याखाली बारिया उभा होता,
पाठीवरची शिटी वाजू लागलेली, हवा संपत आल्याची,
आणि तरी मास्कला हात न लावता,
हात वर करून, हळूहळू वळत.

दोन दिवसांनी शिंपले मोजता मोजता
दोन्या एर्मिनियाने विचारलं,
"बाहेर किती मिनिटं थांबला होतात?"
"अकरा," मी म्हणाले.
ती थोडा वेळ थांबली.
मग गेलेला आकडा विसरली म्हणून
पहिल्यापासून मोजू लागली.