तुटलंय कुठं

सकाळी साडेसातपासून फोन.
आज फोनवर आवाज तेवढा जातो,
म्हणून सगळे आवाजच पाठवतात.
"लाइन तुटली काय ओ?"
मंगळवार पेठ, जवाहरनगर, गंगावेस.
सीपीआरच्या मागून कुणी डॉक्टरीणबाई,
एका म्हातारीचा स्कॅन पुण्याला दाखवायचाय.
आणि एकजण, "सिनेमा तरी लागंल काय संध्याकाळपर्यंत?"

मी पोलावर चढतो. सवय.
खाली इम्तियाज शिडी धरून.
अकरा वर्षं झाली, ह्या गावाच्या डोक्यावरून
केसाएवढी काच ओढतोय आम्ही.
सोलायची, स्पिरिटनं पुसायची, कापायची,
दोन टोकं समोरासमोर आणून ठिणगी द्यायची.
सांधा दिसला तर कारागीर कच्चा.
बोटात शिरलेली काचही दिसत नाही,
पण आठ दिवस प्रत्येक घासाला कळते.

बॉक्स उघडून मीटर लावतो.
वजा एकोणीस.
म्हणजे उजेड येतोय, चांगला येतोय.
मग दुसरं मशिन, तुटल्या जागेचं अंतर सांगणारं.
एरवी ते चोख बोलतं :
चौदाशे मीटर, म्हणजे पापाची तिकटी,
म्हणजे जेसीबीवाल्यानं रात्री घाण केली.
आज शेवटपर्यंत सरळ रेघ.
"तुटलंय कुठं?" इम्तियाज खालून.
"कुठंच नाही."
"मग?"
मग काय सांगू.
मशिन मीटर मोजतं, सह्या मोजत नाही.
एका पानाचा कागद आलाय ऑफिसात,
'पुढील आदेशापर्यंत', आणि खाली शिक्का.

काल कुणाच्या तरी फोनवर काहीतरी आलं.
मी पाहिलं नाही, इम्तियाजनंही नाही.
पण कालपासून तो शिडी जरा जास्तच घट्ट धरतो
आणि मी दर पोलावरून खाली बघून विचारतो,
जेवलास का.

गंगावेशीत दुधाच्या कट्ट्यावर
पैसे घ्यायच्या त्या चौकोनी ठिपक्यांवर फडकं टाकलंय.
उधारी भिंतीवर, खडूनं.
"भितीला कोण बंद करतंय," म्हणतो दूधवाला
आणि माझ्या नावापुढं अर्धा लिटर लिहितो.

रात्री आठला उद्यमनगर.
कांबळ्यांच्या गच्चीवरून आमची वायर जाते.
तिथं त्यांची श्रावस्ती, हातात ॲल्युमिनियमच्या काड्यांची फुली,
मधला तुकडा बापानं लेथवर काढून दिलेला.
"हलू नका. दहा मिनिटांत जाईल तो."
कोण?
तिनं हनुवटीनं जोतिबाकडं दाखवलं. नुसता काळोख.
"उपग्रह. रशियाचा. हवामानाचा.
कुणीही ऐका म्हणून बोलत जातो, पासवर्ड नाही."
लॅपटॉपवर रेघेखाली रेघ उतरत होती :
समुद्र, किनाऱ्याची कड, घाटावर गोठलेले ढग.
आदेशात आभाळाचं कलम राहूनच गेलेलं.
ह्यात आपण कुठं?
तिनं पेन्सिलीचं टोक ठेवलं.
"हे. सगळं कोल्हापूर पन्नाससाठ ठिपके.
पेठा तर सगळ्या मिळून तीनचारच."
कुठली पेठ कुणाची, दिसत नव्हतं.
मी काहीतरी मोठं बोलणार होतो,
तेवढ्यात ती म्हणाली,
"अर्जाची मुदत उद्या संपतीय काका.
ढग बघून कोण ॲडमिशन देणार?"

खाली आलो. एक मोकळी काच होती,
अजून कुणाला न दिलेली.
इम्तियाजला गल्लीच्या दुसऱ्या टोकाला पाठवला
आणि ह्या टोकातून लाल दिवा सोडला.
तपासायला, म्हटलं.
बटण दाबलं, सोडलं. परत दाबलं.
काय म्हणत होतो, मलाही नीटसं ठाऊक नाही.
फोन वाजला.
"दिसतंय," तो म्हणाला. "दिसतंय, भावा.
डोळ्यात मारू नकोस."