हांतरी उभी राहिली

पैंगीणच्या ओहोळाकाठी केवड्याचं बन आहे,
पण आईला फुलाचं कौतुक नव्हतं कधी.
वास देवाला, पान आपल्याला, म्हणायची,
आणि कोयतीनं दोन्ही कडांचे काटे काढायची,
बांगड्याचे पर छाटावेत तसे.

पानं उकळायची, वाळवायची, रात्री दंवात टाकायची,
मग शिंपल्याच्या धारेवर ओढून
नखाएवढ्या रुंद पट्ट्या.
त्यांची हांतरी : इतकी दाट
की वर पेज सांडली तरी खाली सारवण कोरडं.
याच एका गोष्टीचा तिला गर्व.
गावात प्लास्टिकच्या चटया आल्या, निळ्या, मोरांच्या,
तेव्हा ती काही बोलली नाही.
उरलेल्या पट्ट्यांवर कोंबडी अंडी उबवायला बसली.

मग मडगावहून लेनिता आली,
स्कूटरच्या डिकीत तारेचा सांगाडा घेऊन.
म्हणाली, काकी, हांतरीला उभी करायची. गोल.
आणि मध्ये मध्ये फटी सोडायच्या.
फटी?
आईनं माझ्याकडे पाहिलं.
भात निवडताना कुणी म्हणावं, खडे तेवढे ठेव.

पहिले सहा दिवे दाट झाले. बोटं ऐकेनात.
डोकं हो म्हणे, हात जाऊन फट बुजवून येई,
झोपेत लेकराचं पांघरूण सारखं करावं तसा.
लेनिता सेंटीमीटर सांगे, आई वीत मोजे,
मधे मी, वहीत दोन्ही लिहिणारी.

पावसात कापलेलं पान बुरसतं, आई म्हणाली होती.
लेनिताला चवथीआधी माल हवा होता.
बारा दिवे परत आले, हिरवट, खोक्यासकट.
त्या दिवशी वहीत मी नुसती तारीख लिहिली.
लेनिता सोप्यावर बसून राहिली, हेल्मेट मांडीवर.
आईनं पेज वाढली, खारातल्या आंब्याची फोड ठेवली,
म्हणाली, दिवाळी सरू दे.
पान पिकू दे. मीही जरा.

आता मी आगोंदच्या हॉटेलात खोल्या आवरते.
सात नंबरात, पलंगावर टांगलाय
आमच्या अंगणातून गेलेला एक.
त्याची किंमत मला ठाऊक आहे, आईला नाही.
धूळ काढायला मऊ ब्रश दिलाय, वेगळा.

काल पाहुणीनं खाली फोन केला,
दिव्यावर डाग आहे.
पुसायला मला पाठवलं.
पडदे ओढले, बटण दाबलं :
छतावर, भिंतीवर, पांढऱ्या चादरीवर
फटीच फटी, हलत्या, पंख्याच्या वाऱ्यानं,
आणि तळाशी एका जागी काळोख,
बोटभर, दाट विणलेला.
तिथं हात गेला होता तिचा, न विचारता.

पाहुणी म्हणाली, निघेल का?
मी म्हटलं, नाही बाई.
तिथं पेज सांडली तरी
गळणार नाही.