दमले

तुकुमानच्या चौकीत फौजदार व्याकरण शिकवायचा.
"काय झालं?"
"दमले."
पाठीत दांडा.
"दमलो म्हण."

एका स्वरावर केवढा राग!
आमच्या बोलीत दमलेल्यालाही
आधी सांगावं लागतं, बाई का बुवा.
झुनिल्दा हट्टी. रात्रभर दमले, दमले, दमले.
उजाडेपर्यंत म्हणायला ओठ उरले नाहीत.

गुन्हा काय, तर झगा.
शिक्षा एकवीस दिवस, कधी तीस, मर्जी त्याची.
सुटलो तरी कोपऱ्यावरच्या बेकरीपर्यंत पोचायचो नाही,
तीच गाडी पुन्हा पुढ्यात.

फक्त फेब्रुवारीत, कार्निव्हलच्या रात्री,
आम्ही सगळ्या गावाला चालायचो.
साखर कारखान्यातले मिशीवाले बाप्ये झगे घालून नाचायचे,
आणि फौजदाराची बायको
माझ्या पिसांना हात लावून विचारायची,
"कुठनं आणलीस गं?"

त्या एका 'गं'वर मी वर्ष काढायचे.

बिस्किटांच्या डब्यात फोटो आहेत.
ही नेलिदा. हायवेवर. गाडी थांबली नाही.
ही ओफेलिया. पुरुषांच्या वॉर्डात टाकली,
ताट दारातून सरकवायचे.
ही झुनिल्दा. भावानं थडग्यावर बारशाचं नाव कोरलंय.
मी त्यावर नेलपॉलिशनं तिचं लिहिते.
तो खरवडतो.
मी पुन्हा लिहिते. लाल बाटली पुरते चार महिने.

चाळिशी गाठली तर आमच्यात पणजी म्हणतात.
मी एकसष्टची.

दोन हजार बारात कायदा झाला.
डॉक्टर नको, न्यायाधीश नको,
तू सांगशील ते तुझं नाव.
लोक म्हणाले, मिळालं एकदाचं.
मिळालं?
बुएनोस आयरेसला बसनं अठरा तास,
संसदेच्या पायऱ्यांवर उपाशी,
किती फेऱ्या, आणि दर फेरीला
आमच्यातली एखादी सीट रिकामी.

नोंदणी कचेरीत काउंटरवर कोवळी पोर.
"नाव?"
"देल्मिरा."
तिनं चुकीचं टाइप केलं, खोडलं,
जीभ चावून पुन्हा केलं.
चुकली, पण माझ्याच नावात चुकली.

प्रिंटर अडकला होता.
"बसा ना," ती मान वर न करता म्हणाली,
"दमल्या असाल."

"दमले," मी म्हणाले,
आणि पाठ आपोआप आवळली.

मागे नुसती रांग होती.
कुणीतरी जांभई दिली.