अर्थिंग

सावद्याला, रावेर रस्त्यावर,
बोरोल्यांच्या रायपनिंग चेंबरमध्ये
शनिवार-रविवार मिळून सहा बँड.
तिकीट तीनशे, भरीत-भाकरीसकट.
मी भुसावळहून स्कूटरवर आलो, कानटोपी घालून.
वीज मंडळातला रिटायर वायरमन, वय एकसष्ट.
दारावरचा पोरगा म्हणाला, काका, मुलाला शोधताय का?
म्हटलं, नाही. तिकीट माझंच.

चेंबर म्हणजे मोठा फ्रीजच.
वीतभर जाड भिंती, त्यांत केळीचा वास मुरलेला,
बसायला पालथे क्रेट,
त्यांची जाळी मांडीवर उमटते.
माणसं मोजली: त्र्याहत्तर.

मोजायला मला मेल्विननं शिकवलं,
लोको शेडमधला फिटर.
त्याच्या कॅसेटवर एका बाजूला एकच गाणं असायचं.
भरल्या त्यानंच, नावं कुणाचीच लिहिली नाहीत,
आणि चौऱ्याण्णवला पर्थला जाताना
पिशवीच माझ्या हातात दिली.
म्हणून मला बँडची नावं येत नाहीत.
मला येते निळी कॅसेट, दुसरी बाजू:
सातात चालते, पाचात उतरते,
मध्येच कुठून तरी बासरी,
आणि पुन्हा सातात आल्यावर
दर चौथ्या फेरीला टेप जराशी अडखळते.
बायको म्हणायची,
हे गाणं आहे, की कुणी काही दुरुस्त करतंय?

दुसरा बँड पश्चिमवाहिनी, नंदुरबारची चार पोरं.
ड्रमवर मोलगीची सरला वसावे,
केस रबरानं घट्ट, पायात स्लिपर.
अकरावं मिनिट चाललं होतं
तेव्हा दाराशी बसलेले थोरले बोरोले
शेजाऱ्याला कोपर मारून म्हणाले,
हे तं नुस्तं वाजवूनच राह्यले.
गानं कव्हा सुरू होईन?

आणि तेव्हाच मला ते ऐकू आलं.
गिटारच्या खाली, ऑर्गनच्याही खाली,
एक हूं.
पन्नासची. लाइनची.
पस्तीस वर्षं त्या आवाजाखाली डबा खाल्लाय मी.
पोरं डोळे मिटून माना हलवत होती,
त्यांना तो रचनेचाच भाग वाटला असणार.
धाकटा बोरोले नुसती बटणं फिरवत होता.

उठलो. क्रेट करकरला.
मागच्या अंगाला, केळीच्या खोडांच्या ढिगाआड
अर्थिंगचा खड्डा. झाकण फुटलेलं,
आत कोळसा, मीठ, सगळं ठणठणीत कोरडं.
दिवाळीपासून कुणी तांब्याभर पाणी घातलं नव्हतं.
पऱ्हाट्यांच्या जाळावर वांगी फिरवणाऱ्या बाईकडे
मिठाचा पुडा मागितला.
ती म्हणाली, भरीत व्हायचंय अजून,
तुम्हाला आत्ताच अळणी लागलं?

एक बादली ओतली. मग दुसरी.
जमीन पीत राहिली, फुर्र फुर्र बुडबुडे काढत,
आणि भिंतीपलीकडे ती हूं
गेली.
विझली म्हणता येणार नाही,
तिला जायला वाट मिळाली, एवढंच.

आत जायला हवं होतं. गेलो नाही.
ओला हात भिंतीवर ठेवून उभा राहिलो.
जाड भिंतीतून फक्त खालचा ठोका येत होता,
सात, सात, सात,
आणि चौथ्या फेरीत एक मात्रा
कुणी तरी गिळली.
पुन्हा चार फेऱ्या. पुन्हा गिळली.
तीस वर्षं मला वाटायचं टेप खराब आहे.
स्पिरिटनं हेड पुसलं, पेन्सिलीनं रीळ ताणलं,
चार रुपयांचं रबर बदलून पाहिलं,
आणि ते
वाजवलेलंच असेल तर?

पंगतीत सरला समोर आली.
विचारलं, सातातली ती चौथी फेरी,
तिथं तू मुद्दामच एक सोडतेस ना?
ती बोटाला चिकटलेलं भरीत चाटत म्हणाली,
तिथं होय? तिथं मी चुकते, काका. पहिल्यापासून.
आता सगळे माझ्याबरोबर चुकतात.

रविवारी पुन्हा आलो.
डिकीत निळी कॅसेट, आणि किलोभर खडेमीठ.