घडी न मोडता

अक्कलकोट रोडच्या एमआयडीसीत, दुपारी तीनला,
पत्रा तापून टणटण वाजायला लागतो
तेव्हा मी दूरच्या एका सर्व्हरला विचारते:
ही फाइल केवढी? कधीची? कुणाची?
आणि मला हात लावायची मुभा आहे का?

एवढंच. उघडायची नाही.
उघडायला वेळ लागतो, लाइन तुटते,
आणि खाली शेडमध्ये अठ्ठेचाळीस माग
टॉवेलच्या नव्या नक्षीसाठी खोळंबलेले.

माझ्या कोडच्या अकरा ओळी.
दार वाजवायचं, किल्ली दाखवायची,
फाइलचं नाव सांगायचं.
तिकडून एक पुडकं येतं:
आकार, मालकाचा आकडा, परवानगीचे अंक,
शेवटचा हात लागला त्या घटकेचे सेकंद.
थोडक्यात, गठ्ठ्यावरची चिठ्ठी. माल नाही.

नायना असंच करायचे.
साखर पेठेत, चादरींच्या थप्पीसमोर मांडी घालून
घडी न मोडता
काठावरून नुसता अंगठा फिरवायचे.
"दीड किलोला चाळीस ग्रॅम कमी. रात्रपाळीचा माल.
आणि हा राजेशमचा हात नव्हे, त्याच्या पोराचा."
काटा मागाहून यायचा
आणि ओशाळायचा.

मालकाच्या जागी आज एक हजार चौदा.
हा आमचा लक्ष्मीपती चिलवेरी,
आलेखाच्या चौकटी रंगवता रंगवता
कॉम्प्युटरवर आलेला, मग सुरतेला गेलेला.
गेला त्या संध्याकाळी यादीतून त्याचं नाव काढलं,
फायलींवरून काढायचं राहिलं.
अजून तीनशे बारा मोर
त्या आकड्याच्या मालकीचे आहेत.

मागच्या मंगळवारी एक फाइल आली,
तिच्यासोबत वेळच आली नाही.
माझ्या कोडनं रिकाम्या जागेला शून्य मानलं
आणि पडद्यावर उमटलं:
एक जानेवारी एकोणीसशे सत्तर,
पहाटे साडेपाच.

जुनी चूक आहे, सगळे करतात.
जगाची मध्यरात्र इथे येईपर्यंत साडेपाच वाजतात.
मी हसले. मग हसू थांबलं.

साडेपाचला पहिला भोंगा व्हायचा.
त्या थंडीत नायना अठरा वर्षांचे,
मिलच्या फाटकाबाहेर बदलीवाल्यांच्या रांगेत,
खिशात पितळी बिल्ला, एकशे सत्तेचाळीस.
आत कुणी गैरहजर असेल तर आकडा पुकारायचे.
नाव कधीच नाही.
नाहीतर सूर्य वर येईपर्यंत उभं राहायचं
आणि घरी जाताना
आईला काय सांगायचं ते ठरवायचं.

वाचायची मुभा नाही, लिहायची नाही,
आत पाऊल टाकायची नाही.
माझ्या भाषेत याला तीन शून्यं म्हणतात.
त्यांच्या भाषेत, "उद्या बघू."

बुधवारी दुरुस्ती केली. एकच ओळ:
वेळ आली आहे का, आधी विचार; मग वाच.
नसेल तर लिही, 'माहीत नाही'.

आता तसंच येतं, स्वच्छ, राखाडी अक्षरांत.
कोड बरोबर आहे. साहेबांनीही मान डोलावली.
फक्त नायना असते तर खेकसले असते:
माहीत नाही म्हणजे काय गं?
हात लावून बघ की.