हातून

त्यांना दोन एवारिस्तो म्हणायचं, असं सांगितलं पहिल्या दिवशी
आणि मी वेड्यासारखी दुसरे कुठे आहेत ते बघत राहिले.
एकच होते.
गुडघ्यापर्यंत रबरी बूट, कमरेला कोयता,
झाडांची लॅटिन नावं अशी घ्यायचे
जणू गल्लीतल्याच कुणाची आडनावं.

सकाळी पत्र्याखाली व्याकरण.
सगळा वर्ग अडला 'मे गुस्ता'पाशी.
आवडतं मला, मग कर्ता मी का नाही?
ओहायोचा कोल्टन पेन्सिल चावत बसला.
मला हसू आलं.
बघा ना, हसूसुद्धा आलं : मला.
भूक लागते, झोप येते, आठवण येते,
माझ्या भाषेत मी कायम दारात उभी
आणि गोष्टी येतात, न कळवता.

लिंगाचं मात्र जमेना.
आपला बेडूक तो, इथली राना ती.
रात्रभर गळे फुगवून ओरडणारे सगळे नर,
तरी ती.
आणि नपुंसकलिंग यांनी कुठे सांडलं कोण जाणे.
ते पिल्लू, ते लेकरू, ते पाखरू
यांनी इथे राहायचं कुठे?

दुपारी दोरीने आखलेला चौकोन, पाच मीटर बाय पाच.
पाचोळा पान-पान उचलायचा,
उडेल ते धरायचं, पिशवीत घालायचं,
पिशवी काट्याला टांगायची, आकडा लिहायचा, सोडून द्यायचं.
चौकोन सतरा.
लाल अंग, निळे पाय, नखाएवढी,
पाठीवर थेंबाएवढं काळं काहीतरी, शेपटीचं.
तिचं ते.
ती त्याला उंच झाडावर नेत होती,
पानांच्या पेल्यात साठलेल्या पाण्याकडे.

मी पिशवी खिशात ठेवली, एका मिनिटासाठी.
तेवढ्यात वर माकडं आली, आम्ही सगळे माना वर करून.
मग कोल्टनच्या बुटात मुंग्या.
मग चहा.

सहा वाजता खिशात हात घातला.

वाक्य जुळवत गेले त्यांच्याकडे. यो माते. मी मारलं.
उच्चारलं आणि माझ्याच कानांना
भलतंच ऐकू आलं.
दोन एवारिस्तोंनी मान हलवली.
"नो. से ले मुरियो."
तुम्ही मारली नाहीत. ती मेली, तुमच्यापाशी.
मग छोटी बाटली काढली, त्यात अल्कोहोल,
चिठ्ठीवर तारीख, चौकोन, वजन,
आणि 'गोळा करणारी'पुढे माझं नाव,
एकेक अक्षर विचारून, शिसपेन्सिलने.
व्याकरणाने सोडलं होतं. चिठ्ठीने नाही.

रात्री दोन्या एर्मेलिंदाच्या स्वयंपाकघरात
नवं वाक्य काढलं : से मे मुरियो.
तिच्या हातातला डाव थांबला.
क्रूस केला, खुर्ची ओढून जवळ बसली.
"कोण, मुली?"
उना राना, म्हटलं मी, आणि लाजेने मेले.
ती हसली नाही.
पदर नसलेल्या बाईने डोळे कशाला पुसावेत
तर टेबल पुसायच्या फडक्याला.
"मला तर विल्बेर्थ. से मे फ्वे."
न्यू जर्सीला. अकरा वर्षं झाली. डिशवॉशर.

वहीत हे मराठीत उतरवायला बसले.
'माझ्या हातून गेला' म्हणावं तर दोष तिचा.
'मला सोडून गेला' म्हणावं तर त्याचा.
तिचं वाक्य दोघांच्या मधे कुठेतरी उभं होतं,
कुणाकडे बोट न दाखवता,
फक्त 'मे' एवढंच : मला, माझ्यापाशी, माझ्यातून.
ओळ रिकामी ठेवली. अजून तशीच आहे.

ती मागच्या दारात गेली.
इथे कुत्र्यालाही 'उस्तेद' म्हणतात.
"आपण आत यावं आता," असं काहीसं म्हणाली त्याला.
तो आला. दार लागलं.
बाहेर खंदकात शेकडो नर
आपापल्या जागेवरून ओरडत होते,
आणि मी आत मोजत राहिले :
ती, ती, ती, ते.